कोळशाशिवाय उकळणारं पाणी

छत्तीसगडातल्या तातापानीला निघणार असाल तर थंडीत जा आणि सोबत बटाटे घ्या. कशाला ते पुढे कळेलच. मी पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकात, आईसोबत. सहल कसली, भावाला धरून आणायला निघालो होतो.

बाबा नागपूरच्या एका गिरणीत बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. शेवटची काही वर्षं खोकल्यापायी ते भिंतीला टेकून, बसूनच झोपले. ते गेल्यावर गिरणीनं त्यांच्या जागी दिलीपला घ्यायचं पत्र दिलं. आणि आमचे हे दिलीपराव तिकडे सरगुज्यात, तातापानीला, जमिनीत बोअर मारणाऱ्या सरकारी तुकडीत रोजंदारीवर! आईनं पत्र पिशवीत घातलं. "पक्की नोकरी सोडून गरम पाणी काहून शोधून राहिला हा?"

सक्करदऱ्याहून रिक्षा, बिलासपूरपर्यंत रेल्वे, पुढे अंबिकापूरची बस, मग आणखी एक बस. हाडं खिळखिळी झाली. आईच्या तोंडाचा पट्टा अख्खा रस्ता चालू: "तू तरी समजाव वं त्याले."

उतरले आणि जागीच थबकले. जागोजागी पाणी खदखदत होतं. पलीकडे दिलीपच्या लोकांनी मारलेल्या बोअरमधून उकळतं पाणी वाफेसकट उंच उडत होतं. बाप रे! चप्पल काढली तर जमीनसुद्धा कोमट. गावच्या बाया फडक्यात तांदूळ बांधून कुंडात सोडून गप्पा मारत बसल्या होत्या. आम्हीही बटाटे सोडले, छान शिजले.

"आई, असल्याच वाफेवर वीज करायची आहे," दिलीप म्हणाला.

आई बघतच राहिली. "कोळसा कोण टाकते गा?"

"कोणीच नाही."

"अन् धूर?"

"धूर कुठला?"

जेवण झाल्यावर दिलीप तंबूत उताणा पडला आणि घोरायला लागला. आई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. डोळे पुसले. पत्र काही पिशवीतून बाहेर निघालं नाही.

नागपूरला आल्यावर तिनं ते गिरणीत परत नेऊन दिलं. "माह्या पोराले नाही पाहिजे," एवढंच बोलली. तिथल्या बाबूनं तिला वेडीच ठरवलं असेल.

त्या वाफेवर लागलेला दिवा मी काही पाहिला नाही, खोटं कशाला सांगू? पण परवा हुडकेश्वरला दिलीपकडे गेले. केस पिकलेत, भरदुपारी उताणा पडून घोरत होता. मी त्याला उठवलं नाही. बाहेर पायरीवर बसून ते घोरणं ऐकत राहिले.