मधल्या खोलीतलं कुत्रं

लेकीनं आणून दिलेलं पोमेरियन मुठीएवढं आहे, पण दिवसभर भिंगरीसारखं फिरतं. शू करायला अंगणात न्यावं, तर तिथं नुसतं हुंदडतं आणि आत आलं की मधल्या खोलीत जाऊन मोकळं होतं. स्वयंपाकघरात नाही, माझ्या खाटेपाशी नाही. फक्त तिथंच. ओरडून बघितलं, काही उपयोग नाही.

शेजारच्या शालनवहिनींनी जन्मभर कुत्री पाळलीत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याच्यावर कशाला खेकसता? कुत्रं राहत्या जागी घाण करत नाही. त्या खोलीत कोण राहतं सांगा?"

कोणी नाही. ती हिची खोली. ही गेल्यापासून मी फरशी पुसण्यापुरता जातो आणि लगेच बाहेर येतो. एवढी माणसं भेटायला येऊन गेली, कोणाच्या ध्यानात आलं नाही. या एवढ्याशा नाकाला कसं कळलं असेल, आमचं घर कुठं संपतं ते?

आज चहा घेऊन हिच्या खाटेवर जाऊन बसलो. कुत्रं दारातून बघत राहिलं. मग आत आलं, कोपरा हुंगला, गोल फिरलं. मी तसाच बसून राहिलो. शेवटी माझ्या पायावर हनुवटी टेकून पडलं.

त्याला म्हटलं, "उद्या रेडिओ पण इकडंच आणू."