देवघरातली एकटी वायर

माझ्या सासऱ्यांनी मला आयुष्यात एकदाच हात जोडले, आणि तेही रागानं. "माय, हात जोडतो तुले, थे डबी काढून फेक!"

डबी म्हणजे आरसीसीबी. मीटरजवळच्या बोर्डात बसवलेला, मुठीएवढा खटका. त्याचं काम एकच. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढं तो बघतो. थोडासा जरी दुसऱ्या वाटेनं गेला, कुणाच्या अंगातून म्हणा नाहीतर ओल्या भिंतीतून, की डोळ्याचं पातं लवायच्या आत घराची लाईन तोडतो. ती डबी मी स्वतःच्या हातानं बसवली होती. आयटीआयत वायरमनचा कोर्स केलाय मी. माझ्या आईनं रुखवतात लाडू-चिवड्याच्या शेजारी माझं सर्टिफिकेट मांडलं होतं. सासरी आल्यावर ते पेटीच्या तळाशी गेलं.

डबी का बसवली, तर मागच्या उन्हाळ्यात माझी सहा वर्षांची मुलगी कूलरच्या जाळीला चिकटली म्हणून. कूलरला अर्थिंग नव्हतं, पत्र्यात करंट उतरला होता, पाय ओल्या फरशीवर. नवऱ्यानं धावत जाऊन मेन पाडला. पोर वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली, ती आता सरळ होत नाहीत. तिला भेटायला आलेली माणसं चहा पिता पिता म्हणायची, "थोडाबहुत झटका तं सारेच कूलर देतात." अरे, देतात म्हणून काय लेकरांनी घ्यायचा? तेव्हाच ठरवलं, या घरात पुन्हा कोणाला चिकटू द्यायचं नाही. पहिले कूलरला अर्थिंग दिलं, मग खामगावातून डबी आणली.

डबी बसली आणि त्याच दिवशी दिवेलागणीला खट्! घरभर अंधार. वर केली की पुन्हा पडायची. रात्री झोपायच्या वेळी आपोआप शहाणी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुकाट चालायची. मी दिवसा सगळं तपासलं. डबीवरचं टेस्टचं बटन दाबलं, बरोबर पडली, म्हणजे डबी ठणठणीत. मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटर, एकेक लावून पाहिलं. काही नाही. आणि संध्याकाळी सासऱ्यांच्या बातम्या ऐन रंगात आल्या की खट्!

चौथ्या दिवशी त्यांनी हात जोडले. मी नाही म्हटलं. मग त्यांनी गावातल्या वायरमनला फोन लावला, "सकाळी ये, डायरेक्ट करून दे." डायरेक्ट म्हणजे डबीला वगळून तार सरळ जोडणे. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याचं हे एकच औषध.

नवरा म्हणाला, "कायले वाद घालून राह्यली? बाबाचं मन राख."

"मन राखू का पोरगी राखू?" मी म्हटलं.

सकाळी वायरमन आला. पाना-पक्कड काढत मला शिकवू लागला, "वहिनी, हे शहरातलं सामान हाय. आपल्या इथं नाही चालत."

"काऊन? आपल्या इथले माणसं रबराचे हायेत काय?"

मी बोर्डासमोर उभी राहिले ती हललेच नाही. सासरे ओरडले, "बाईनं बोर्डाले हात लावाचा नसते!"

"हात लावत नाही, मामाजी, उभी हाय फक्त. आज संध्याकाळपर्यंत मले फॉल्ट नाही सापडला तं मीच काढून देतो डबी." वायरमन पाना-पक्कड पिशवीत टाकून निघून गेला.

त्या संध्याकाळी डबी पडल्याबरोबर मी विजेरी घेऊन बोर्डाशी. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाईनचे खटके, खाली केले, डबी वर केली. टिकली. मग एकेक एमसीबी वर. स्वयंपाकघर ठीक. मोटर ठीक. दिव्यांच्या लाईनचा एमसीबी वर केला आणि खट्! सापडला चोर. आता घरातल्या दिव्यांची, पंख्यांची सगळी बटनं बंद केली. तरी खट्! मग कोणता दिवा लागतोय, जो माझ्या कोणत्याच बटनावर नाही? मेन बंद करून वायरींच्या जोडाच्या पेटीचं झाकण उघडलं. तिथून एक लाल वायर भिंतीत शिरत होती. एकटी. सोबत न्यूट्रलची काळी नाही. जिथे फेज जाते तिथे न्यूट्रलही जाते, आणि ही बया एकटीच निघाली होती, देवघराच्या दिशेला.

आता देवघराचं सांगते. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांची वाटणी झाली. घराच्या मधून भिंत आली, मीटर दोन झाले. देवाची वाटणी करायची हिंमत मात्र कोणाला झाली नाही. देवघर मधे राहिलं, त्याला दोन दारं. सकाळची पूजा आमची, संध्याकाळचा दिवा त्यांचा. बोलणं बंद. त्या बाजूला मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तशीच उठले आणि देवघरातून पलीकडे गेले. चुलत सासू समोरच उभ्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच कडाडल्या, "आली काय आता! चार दिवसांपासून देवाचा बल्ब बंद करून राह्यले तुम्ही. लाज नाही वाटत? दोन बल्ब बदलले म्या!"

तेव्हा मला उलगडलं. त्या देवघराच्या बल्बाचं बटन दाबत होत्या आणि आमचं घर अंधारात जात होतं. आमचं घर गेलं की बल्बही जात होता. झोपताना त्या बटन बंद करत, म्हणून डबी रात्री शहाणी व्हायची. त्या आम्हाला शिव्या देत होत्या, आम्ही डबीला.

"काकू, या बल्बाची वायर कोणाकडून हाय?"

"दोघायकडून," त्या म्हणाल्या. "वाटणीच्या वक्ती भांडण झालं ना, देवाले कोणाचा करंट द्याचा म्हणून. मंग वायरमननंच सांगतलं, एक वायर मोठ्याच्या घरची, एक लहान्याच्या घरची. दोघायलेही पुण्य."

मला हसू आवरेना. तोच वायरमन, बरं का, सकाळी मला शिकवणारा! आमच्या फेजमधून करंट निघत होता, देवाचा बल्ब लावून काकांच्या न्यूट्रलनं परत जात होता. आमच्या डबीला दिसत होतं, गेला पण आला नाही. तिनं खट् केलं, तिची काय चूक?

दोन्ही वायरी एकाच घरच्या पाहिजेत, हे मी दोघा भावांना देवघरात उभं करून सांगितलं. कितीतरी वर्षांनी दोघं एका छताखाली आले आणि लगेच भांडले. काका म्हणे माझ्या घरच्या, मामाजी म्हणे माझ्या. मी ऐकत बसले नाही. बटन काकांच्या दाराशी, म्हणून दोन्ही तारा त्यांच्या बोर्डावरून घेतल्या. आमची लाल वायर तोडून तिच्या तोंडाला टेप लावली.

"देवाले आता माह्या घरचं काहीच नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"फुलं हायेत ना सकाळचे," मी म्हटलं, आणि बटन दाबलं. बल्ब लागला. आमचं घरही लागलेलंच राहिलं. सासरे दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. नका जेवू म्हटलं. शेजारची म्हणाली, सून डोक्यावर बसली. बसली तर बसली.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा टेस्टचं बटन दाबते. पडली की वर करते, बस. सासरे तेवढा वेळ अंगणात निघून जायचे. परवा मात्र गेले नाहीत. खुर्चीत बसून बघत राहिले. मुलगी समोर गृहपाठ करत होती, डाव्या हातानं.

"एक विचारू काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "थे डबी त्या दिवशी असती तं, पोरीचे बोटं?"

"शाबूत राह्यले असते. तिनं रडायच्या आंधी लाईन गेली असती."

त्यांनी पोरीच्या हाताकडे पाहिलं. मग एकदम चिडून म्हणाले, "तुले तं सारं येत होतं. मंग आंधी काऊन नाही लावली?"

मी डबी वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "तवा मी तुमचं आयकत होती, मामाजी."