मी काय पाहिलं होतं

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि माझी प्रार्थना नुसती तोंडपाठ उरली होती. आमच्या लातूरच्या चर्चमध्ये मी अजूनही उभी राहून साक्ष द्यायचे, म्हणजे प्रभूनं माझ्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचे. शब्द अडत नसत, ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत. घरी आल्यावर मात्र दाराचं कुलूप काढताना वाटायचं, आत कुणी नाही आणि वरही कुणी ऐकत नाही. हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. चर्चच्या पाळकांच्या बायकोला सांगितलं असतं, तर त्यांनी माझ्यासाठी उपवास-प्रार्थना ठेवली असती आणि सगळ्या मंडळीला कळलं असतं!

आम्ही महिला मंडळाच्या बायका सरकारी दवाखान्यात पेज आणि फळं घेऊन जायचो. एका दुपारी बायकांच्या वॉर्डाबाहेर औशाकडचे एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यात मान घालून बसले होते. सिस्टरकडून कळलं, की त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना, रस्ता ओलांडताना मोटारसायकलनं उडवलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, पण पडून पडून पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या. बाई भिंतीकडे तोंड करून होत्या, ना बोलणं ना खाणं. मी म्हाताऱ्यांजवळ गेले आणि सवयीनं म्हणाले, "मामा, मी तुम्हाला साक्ष द्यायला आलेय."

ते ताडकन उठले. "तुमी बघितलं का वो ताई त्या गाडीवाल्याला? नंबर हाय का? मी समद्या हाटेलवाल्यांला इचारून दमलो. एकबी माणूस साक्ष द्यायला तयार न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती साक्ष नव्हे, ही देवाची साक्ष, असं मी कसंबसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत. अगदी भोळेपणानं म्हणाले, "मंग देवाला तुमी बघितलंय का?"

चर्चमध्ये या प्रश्नावर मी तासभर बोलले असते. तिथे तोंडून एवढंच निघालं, "नाही मामा. अलीकडे नाही."

ते पुन्हा खाली बसले आणि आपणहून बोलू लागले. एकुलती एक लेक देगलूरला दिलेली, ती बाळंतीण. गोदाबाईंची कूस बदलायला, अंग पुसायला घरचं बाईमाणूस नाही, आणि त्या वॉर्डात पुरुषाला फार वेळ थांबू देत नाहीत. "उद्या घरी घेऊन जातो. जे व्हायचं ते आपल्या दारात होईल," ते म्हणाले. घरी नेलं तर जखमा चिघळतील आणि बाई हाती लागणार नाहीत, हे सिस्टरनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "नेऊ नका मामा. मी येते उद्यापासून." हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते आजही सांगता येत नाही. माझीच कंबर धरलेली, घरात बादली उचलतानासुद्धा मी मधेच टेकते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी कसं वळवायचं ते दाखवलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. नंतर मी एकटीनं प्रयत्न केला. गोदाबाई विव्हळल्या, मी त्यांना पुन्हा होत्या तशा टेकवलं. मनात म्हटलं, प्रभू, मला जमत नाही. वर्षभरात पाठ नसलेली अशी ती माझी पहिलीच प्रार्थना. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या सासूजवळ बसलेली उदगीरची एक बाई बुरख्याच्या बाह्या सारत उठली. "ठैरो आपा, अकेल्यानं न्हाई होत. तुम्ही खांदा धरा, मी इकडून धरते." मी काही बोलले नव्हते, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून गोदाबाईंना अलगद कुशीवर केलं.

मग रोज तेच. अंग पुसायचं, पावडर लावायची, कूस बदलायची. ती उदगीरची बाई सासूला घेऊन गेली, तोवर बाहेरच्या मामांनी घरी न्यायची भाषा सोडली होती. दुसऱ्या एका खाटेजवळची लेक मदतीला येऊ लागली. जखमा सुकत चालल्या. तो गाडीवाला शेवटपर्यंत सापडला नाही, आणि मीही त्या वॉर्डात पुन्हा साक्ष दिली नाही.

एका सकाळी मी गोदाबाईंचे केस विंचरत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, "ताई, तुमी जेवलाव का?"

ह्यांच्या मागं हे मला कुणीच विचारलं नव्हतं. भरल्या वॉर्डात मी लहान पोरीसारखी रडले. गोदाबाई गोंधळल्या, म्हणाल्या, "आता गं बया, रडता कशाला?" आणि मामांनी त्यांच्यासाठी आणलेली शिऱ्याची वाटी उशाजवळून माझ्याकडे सरकवली.

देवानं माझ्याशी कसं बोलावं हे मी वर्षभर त्यालाच शिकवत होते. आता शिकवत नाही. त्याचे उपकार मानते, आणि तो ज्याच्या हातून वाढील त्याच्या हातचं खाते. तो शिरा मी अर्धा खाल्ला. अर्धा गोदाबाईंनी.