हिसका कुणाचा

सिग्नल सुटला की आमची गाडी हिसका द्यायची. गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही, म्हणजे दोष द्यायला उरला एकटा माझा उजवा पाय. "अगं, हळू दाब ना," नवरा म्हणायचा आणि दारावरची मूठ घट्ट धरून बसायचा. ती मूठ बघून माझं डोकं फिरायचं. इतकी वर्षं याच पायानं बसवनगुडीतून कोरमंगलाच्या ऑफिसात गेले-आले, तेव्हा बरं कुणी काही धरलं नव्हतं!

पण माझी खरी भीती वेगळीच होती. आईचा कंपवात उजव्या पायातूनच सुरू झाला होता. आधी नुसती चप्पल निसटायची. सगळ्यांना वाटलं, धांदरट झाली. आता मी टीव्हीसमोर बसून टाच टेकवायची, पंजा हळूच दाबायची, सोडायची. थरथरतोय का? कधी वाटे हो, कधी वाटे मीच थरथरवतेय. डॉक्टरकडे जायचा धीर होईना, म्हणून गाडी गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्यानं गाडीला लॅपटॉप जोडला. मला खुर्चीवर बसवेना. बॉनेटपाशी जायची, परत यायची, परत जायची. शेवटी तो म्हणाला, "निम्मदु तप्पिल्ला, अक्का." तुमची चूक नाही. गिअर कधी बदलायचा हे ठरवणारं कंट्रोल युनिटच बिघडलं होतं, ते नवं बसवावं लागणार होतं. खर्च ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला आणि मला हसू आवरेना.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. बदलून टाकू."

युनिट यायला वेळ लागला. फोन केला की "स्वल्प दिवस, अक्का," एवढंच उत्तर. मी रिक्षात बसूनही उजवा पाय दाबत होते. तप्पिल्ला, तप्पिल्ला, असं मनात घोकत होते.

गाडी मिळाली तेव्हा त्यानं बजावलं, "नवीन युनिट आहे. आता ते तुमचा पाय शिकेल, म्हणजे तुम्ही कसं दाबता ते. थोडे दिवस सांभाळून चालवा."

निघालो. गाडी लोण्यासारखी चालली होती. नवऱ्यानं मूठ सोडली आणि गांधी बझारात घेतलेल्या शेंगा सोलायला सुरुवात केली. "मी म्हणतच होतो, गाडीतच काहीतरी आहे," असंही वर म्हणाला. मी इतकी खूश होते की भांडलेही नाही.

पुढच्या सिग्नलला थांबलो. आजवर संशय दोघींवर होता, गाडीवर आणि माझ्यावर. आता गाडी संशयातून सुटली होती.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले.

"अगं, निघ ना," नवरा म्हणाला.

यापुढे हिसका बसला, तर तो माझा असणार होता. ब्रेकवरचा पाय मला उचलवेना.