भुंकण्याचा पगार

घड्याळजींचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरावा, श्वास रोखावा आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजावी. बेल वाजली की भोंगा भुंकायचा. भोंगा हे कुत्र्याचं नाव. ते उगाच पडलेलं नव्हतं. मग स्क्रू कुठे उडायचा, हे त्या स्क्रूलाच ठाऊक.

कुत्रा आणला लेकीनं, आणि वर्षभरात ती शिकायला वसतिगृहात निघून गेली. त्याला वळण लावायचं घड्याळजींनी मनावर घेतलं. भोंगा भुंकला की "गप" म्हणायचं. गप्प बसला की बिस्कीट द्यायचं. तो लगेच गप्प बसे. घड्याळजी खूश. फक्त भुंकणं दिवसेंदिवस वाढत चाललं. पुढे पुढे तर तो बेल न वाजताच भुंके आणि भुंकून झालं की बिस्किटाच्या डब्याकडे बघत बसे.

एकदा त्या भुंकण्यानं दचकून घड्याळजींच्या हातून एका जुन्या घड्याळाची काच तडकली. गिऱ्हाईक नको नको ते बोलून गेलं. बायकोनं तडक भावाला फोन लावला. "रविवारी ये आणि ह्याला घेऊन जा. तुझ्या गोदामाला राखण होईल. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच!"

घड्याळजी जेवले नाहीत. दुपारी त्यांनी हळूच लेकीला फोन केला.

"बाबा, तुम्ही त्याला भुंकण्याचा पगार देताय," लेक म्हणाली. "भुंकल्याशिवाय गप्प कसा बसणार तो? बेल वाजली रे वाजली की भुंकायच्या आत चटईवर बोलवा आणि तिथे बिस्कीट द्या. खेळ म्हणून करा. तो कंटाळायच्या आधी थांबा."

आता बेल वाजवायला माणूस हवा. घरात दुसरं होतं कोण? बायको कुरकुरत दाराबाहेर जाऊन उभी राहिली. बेल, चटई, बिस्कीट. परत बेल. शेजारीण येऊन हळू आवाजात विचारून गेली, "घरात घेत नाहीत का हो तुम्हाला?"

दोन-तीन दिवसांत बायको न सांगताच बाहेर जाऊ लागली. "अहो, बसला का?" ती दाराआडून विचारी.

"बसला."

"थांबा, परत वाजवते."

भाजी करपली तरी तिला पत्ता नसे. पण रविवारचं काय, हे विचारायची घड्याळजींची छाती होईना. ती शब्दाला पक्की, हे ते संसारभर बघत आले होते.

रविवारी मेव्हणा साखळी घेऊनच आला. बेल वाजली. भोंगा उठला, चटईवर गेला आणि बसला. हूं नाही की चूं नाही. घड्याळजींना वाटलं, जिंकलो.

"ताई, हा तर सोन्यासारखा कुत्रा आहे!" मेव्हणा म्हणाला. "ह्याला कशाला गोदामात ठेवू? घरीच ठेवतो." आणि साखळी घेऊन तो वाकला.

"ठेव ती खाली," बायको म्हणाली.

"अगं, तूच बोलावलंस ना?"

"जेवायला बोलावलं. हात धुऊन घे."

मेव्हण्यानं भावजींकडे बघितलं. भावजींना रडू फुटलं होतं, आणि ते रडत रडतच ताटं मांडत होते.