शेवट आधी बघणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई कुठलीही मालिका शेवटच्या भागापासून बघायच्या. खुनी कोण, लग्न कुणाशी लागतं, म्हातारा जगतो की जातो, हे सगळं आधी बघून घ्यायचं आणि मग निवांत पहिला भाग लावायचा. मी एकदा म्हटलं, "मग बघण्यात राहिलं काय?" तर म्हणाल्या, "व्याही, शेवट कळला की जीव टांगणीला लागत नाय. मग माणसं कशी वागतात ते नीट बघता येतं." त्यांच्यापुढे मला उत्तर वेळेवर कधी सुचलंच नाही. जव्हारला परत येऊन एसटीतून उतरता उतरता सुचायचं.

त्या मोखाड्याच्या. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं; नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने चालवलेलं. मी जव्हारचा, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला. माझी एकुलती एक मुलगी, शीतल, त्यांच्या प्रशांतला दिली आणि मोखाड्याजवळच्याच शाळेत ती शिकवू लागली. मुलीची सासू छळते अशी तक्रार करणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत. माझी तक्रार उलटी होती. ही बाई माझ्या पोरीवर इतकी माया करायची की माझ्या वाट्याला काही उरतच नव्हतं. अशी तक्रार घेऊन माणसाने जायचं तरी कुणाकडे?

शीतल कॉलेजात असताना तिची आई गेली. त्यानंतर संध्याकाळी घर खायला उठायचं. नोकरी लागल्यावर शीतलने घरबसल्या मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीची वर्गणी भरली, आणि आम्ही दोघं कॉटवर बसून, मध्ये भाजलेल्या शेंगांचं ताट ठेवून, एक मालिका तिच्या आवडीची, एक माझ्या आवडीची अशी बघू लागलो. ती दोन वर्षं मला अजून चवीने आठवतात. लग्नानंतर ती मोखाड्यात आणि मी जव्हारात, पण वर्गणी एकच होती, म्हणून काहीतरी जोडलेलं आहे असं वाटायचं. मग एका संध्याकाळी माझ्या टीव्हीवर पाटी आली: हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही. लेकीची पाठवणी केली तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या पाटीपुढे मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रशांतला यातलं चांगलं कळतं. त्याने मोखाड्याच्या घरी राउटरशेजारी एक लहानशी पेटी बसवली आणि माझ्या टीव्हीला एक डबी आणून जोडली. याला व्हीपीएन म्हणतात म्हणाला. म्हणजे माझ्या टीव्हीचं इंटरनेट आधी घाटाची वळणं घेत मोखाड्याला जाणार, विहीणबाईंच्या घरात शिरणार आणि तिथून जगात बाहेर पडणार. कंपनीला वाटणार, हा टीव्ही मोखाड्याच्या घरातच आहे.

मी साफ नाही म्हणालो. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. माझ्या आईने ते पाळलं होतं. मी मोखाड्याला गेलो तर घरून बाटली भरून नेत होतो. ज्या घरचं पाणी घेत नाही त्या घरून टीव्ही कसा घेणार? शीतल फोनवर चिडली, तसा विहीणबाईंनी तिच्या हातून फोन घेतला.

"व्याही, पाणी नाय घेत ते बरंच करता. वैशाखात आम्ही टँकरची वाट बघत बसतो. पाहुणा पाणी नको म्हणाला की मी मनातल्या मनात हात जोडते. पण टीव्हीला कुठं पाणी लागतं? लावून घ्या."

"हे कंपनीच्या नियमात बसतं का पण?" माझ्यातला कारकून बोलला.

"ते काय आपल्याला विचारायला येतात? एका घरची माणसं नाय का आपण?"

एका घरची म्हणजे त्यांच्या घरची, हे मला लगेच कळलं. तरी मी डबी लावून घेतली, कारण शीतल जे बघते ते मलाही बघायचं होतं.

त्या दिवसापासून माझी करमणूक विहीणबाईंच्या मुठीत गेली. मोखाड्यात लाइट गेली की जव्हारात माझा टीव्ही थांबायचा. आभाळात नुसतं गडगडलं तरी विहीणबाई घरातली झाडून सगळी बटणं बंद करायच्या, त्यात ती पेटीही असायची. इकडे माझ्यासमोर नायक तोंड उघडं टाकून तसाच उभा. मग मी फोन लावून विचारायचो, "शीतल आहे का?"

"शीतल हाय, पण तुम्हाला ती नको, बटण पाहिजे," त्या म्हणायच्या. "तुमच्याकडं विजा थांबल्या का? मग लावते. कुठवर आलात? तो वकील तुम्हाला चांगला वाटतो ना? नाय तो चांगला."

झालं. आठवडाभर जपून बघितलेली मालिका एका वाक्यात पाण्यात. मी चरफडायचो, पण फोन लगेच ठेवत नसे. त्यांच्या आवाजामागे शीतलचं हसणं ऐकू यायचं. "आई, सांगू नका ना त्यांना!" असं ती ओरडायची. आई हा शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो, आणि तो ऐकून आनंद व्हावा तर मी नुसता जळायचो.

एकदा दोघी जव्हारला दोन दिवस राहायला आल्या. मुलाच्या आईला जेवणा-पाण्याचा कुठलाच नियम नसतो, आणि विहीणबाईंनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मी केलेली नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी त्यांनी मागून मागून खाल्ली. "बाप्यानं केलेलं खायचा योग आमच्याकडं नव्हता, वाढा अजून," म्हणाल्या. इथवर ठीक होतं. संध्याकाळी टीव्ही लावला तर त्या थेट कॉटवर, शीतलच्या जागेवर बसल्या, आणि शीतल बसली माझ्या जागेवर. शेंगांचं ताट दोघींच्या मध्ये. शीतलने त्यांच्या पायांवर गोधडी ओढली. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो आणि माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गावाबाहेरचं ऐतिहासिक ठिकाण, शिरपामाळ, दाखवायला नेलं. छत्रपती इथे थांबले होते वगैरे सांगायची मी मनात तयारी करून ठेवली होती. पण शीतल त्यांचा हात धरून पुढे चाललेली, कुठल्याशा मालिकेतल्या सुनेवरून दोघींचं रंगात आलेलं, आणि मागून मी, पिशव्या घेऊन. या बाईने शीतलच्या आईची जागा घेतली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती माझी जागा घेत होती.

पुढच्या हिवाळ्यात विहीणबाईंचं पोट दुखायला लागलं. नाशिकला तपासण्या झाल्या. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर प्रशांतला बाजूला घेऊन बोलायला लागले, तशा या खुर्चीतूनच मोठ्याने म्हणाल्या, "ओ डॉक्टर, मला सांगा. मला शेवट आधी लागतो." डॉक्टरांनी सांगितला. मोखाड्याला येऊन त्यांनी एक लांबलचक मालिका लावली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती पहिल्या भागापासून बघायला घेतली. शीतलने विचारलं तर म्हणाल्या, "एक शेवट कळलाय, तेवढा पुरे हाय."

हे मला फार उशिरा कळलं. कितीतरी दिवस शीतल ते मनात घेऊन शाळेत जात होती, घरी येऊन त्यांच्याशेजारी बसून मालिका बघत होती, माझ्याशी फोनवर हवापाण्याचं बोलत होती. दोघींनी मिळून ठरवलं होतं, बाबांना एवढ्यात सांगायचं नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी मला हेवा वाटला, की असलं दुःखसुद्धा त्या दोघींचंच होतं.

वैशाखात भेटायला गेलो. दुकानाचं शटर खाली होतं. विहीणबाई पुढच्या खोलीत खाटेवर पडलेल्या, एवढ्याशा झालेल्या. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. बाहेर टँकर आला होता आणि शीतल बायकांच्या गर्दीत पिंप भरत होती. माझ्या पिशवीत नेहमीची बाटली होती. ती तशीच ठेवून मी म्हटलं, "विहीणबाई, जरा पाणी मिळेल का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायलाच लागल्या. "आता? इतकी वर्षं मागितलं नाय, आणि आता नेमकं वैशाखात?"

"तहान लागली."

"नातवंड कुठं हाय अजून? नियम मोडला तुमचा."

"मोडू दे."

"शीतल!" त्यांच्यात उरलेल्या सगळ्या जोराने त्या ओरडल्या. "अगं ये, बाबांनी पाणी मागितलं!"

शीतल भिजलेल्या पदराने धावत आत आली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन तिने माझ्यापुढे धरलं. मी घटाघटा प्यालो. "गार हाय ना?" विहीणबाईंनी विचारलं. मी मान हलवली. तांब्या खाली ठेवताना बघितलं तर शीतलचे डोळे भरलेले, आणि ती बघत होती त्यांच्याकडे.

मृग लागायच्या आधी त्या गेल्या. शीतल ज्या आकांताने रडली तसं स्वतःच्या आईच्या वेळी रडली नव्हती, निदान माझ्यासमोर तरी नाही. मी कोपऱ्यात उभा राहून हीच तुलना करत होतो. माझ्यासाठी ही अशी रडेल का, हाही विचार तिथेच मनात आला. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मला तो आवरला नाही.

मग प्रशांतची नाशिकला बदली झाली. दुकान विकलं, मोखाड्याच्या घराला कुलूप लागलं. एका रविवारी तो आणि शीतल ती पेटी घेऊन माझ्याकडे आले. "बाबा, आता मूळ घर तुमचं," शीतल म्हणाली. पेटी माझ्या राउटरशेजारी बसली. आता नाशिकचा टीव्ही घाट उतरून माझ्या घरात येतो आणि इथून जगात जातो. जव्हारात लाइट गेली की शीतलचा फोन येतो, "बाबा, बटण बघा ना." मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं. आभाळ गडगडलं की मात्र माझा हात आपोआप बटणाकडे जातो, आणि पेटी बंद करून मी विजा थांबायची वाट बघत बसतो.

दिवाळीला शीतल चार दिवस एकटीच आली. तिच्यासाठी मी एक नवी मालिका न बघता राखून ठेवली होती. शेंगा भाजल्या, कॉटवर गोधडी घातली, ताट मध्ये ठेवलं. ती तिच्या जागेवर बसली, मी माझ्या. "लाव पहिला भाग," मी म्हटलं.

तिने रिमोट घेतला आणि सरसर खाली जाऊन शेवटचा भाग लावला.

"अगं, हे काय?"

"शेवट कळला की जीव टांगणीला लागत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि समोर बघत शेंग सोलू लागली.

पेटी माझ्या घरी आली. पोरगी अजून मोखाड्यातच आहे.