चार घरच्या चुली

माझी रजा मंजूर झाली तेव्हा आमची पलटण ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती. आंदर मावळातल्या एकाच गावचे आम्ही पाच जण, सगळे एका भावकीचे. मी नाईक, पाचांत धाकटा. निघायच्या आठवडाभर आधी सखाराम गस्तीवर गोळी लागून गेला. गयाकाकूचा एकुलता. भावकीतला थोरला गेला की धाकट्याने केस द्यायचे, म्हणून मी ओढ्यावर बसून डोकं आणि मिशी उतरवली. निघताना सुभेदारसाहेबांनी बजावलं,

"सरकारी तार पोचेपर्यंत घरी तोंड उघडायचं नाही."

"जी साब."

लोणावळ्याला मेलमधून उतरलो. चहावाल्याच्या आरशात तोंड दिसलं. डोक्यावर टोपी होती, पण ओठ उघडा होता. शिपाईगड्याचा असा ओठ पाहिला की भावकीत कोणी गेलं, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. मफलर नाकापर्यंत ओढला. कामशेतपर्यंत पॅसेंजर, पुढे पायी.

मी येणार हे कळवलेलं होतं. वेशीवर माझी आई भाकरतुकडा घेऊन उभी, बरोबर बाकीच्या चौघांच्या आया. आईने ओवाळायला माझा मफलर खाली केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"कोन रं?"

मी मफलर पुन्हा वर ओढला.

"माजा का?" गयाकाकूने विचारलं.

"सांगायचा हुकूम न्हाई, काकू."

कोणी रडलं नाही. रडायचं कोणासाठी, तेच कळत नव्हतं. चौघी घरी गेल्या. दिवस कलला, गावात चुली पेटल्या, त्या चार घरांवर मात्र धूर दिसेना. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, आणि मयत आपल्याच घरचं असेल या धास्तीने एकीनेही पेटवली नव्हती. नातवंडं भुकेने रडत होती. तार कधी येणार याचा नेम नव्हता. मला संताप आला. हुकूम देणाऱ्याच्या घरची चूल पेटलेली असेल! मी उठलो. हुकूम मोडला, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

गयाकाकूच्या पडवीत चौघी पुन्हा जमून एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मी काकूपुढे खाली बसलो.

"काकू, आपला सखा."

तिने माझी टोपी काढून डोकं बघितलं.

"यकटा हुता का रं तवा?"

"न्हाई. म्या जवळ हुतो."

तिने पदराने तोंड पुसलं आणि त्या तिघींकडे वळली.

"तुमची ल्येकरं हायती. पोरं भुकेजली असत्याल. जावा, चुली पेटवा."

तिघी उठेनात. शेवटी गयाकाकूनेच एकेकीला हाताला धरून उठवलं.